दगडाच्या पोटात शिरलेले साडू

दगडाच्या पोटात काय चाललं असेल या काळजीने झुरणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. लोकांना पोराबाळांची काळजी असते, पिकाची असते, गुडघ्यांची असते. आमच्या साडूंना दगडाची असते. दगड पडेल, कुणाला लागेल, अशी नव्हे. दगडाच्या आत डोळ्यांना न दिसणारी जी बारीक छिद्रं असतात, त्यांत तेल आणि पाणी एकत्र कोंबलेलं असेल तर त्या दोघांचं कसं जमत असेल, ही. या एका प्रश्नावर त्यांनी सगळी नोकरी काढली, डोक्याचे केस घालवले, आणि निवृत्त होऊन बुलढाण्याला घर बांधलं तरी तो प्रश्न काही निवृत्त झाला नाही. माझा जन्म चिखलीच्या बसस्टँडवर गाड्या सोडण्यात गेला. माझा कारभार सरळ होता. गाडी आली, गाडी लागली, गाडी गेली. त्यामुळे न दिसणाऱ्या छिद्रातून न दिसणारा थेंब पुढे सरकला की अडकला, यावर एखादा शहाणासुरता माणूस पुढ्यात वाढलेलं ताट ठेवून विचार करत बसतो, हे माझ्या गळी उतरायला बरीच वर्षं लागली.

ते मूळचे रोहिणखेडचे. शिकले, आणि गुजरातेत तेल काढणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. माझे सासरे थोरल्या मुलीसाठी त्यांना पाहायला गेले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, की काम नेमकं काय करता? साडूंनी खरं ते सांगितलं. म्हणाले, जमिनीखाली फार खोल जो खडक असतो त्यात तेल किती आणि पाणी किती, आणि वरून विहीर पाडून ओढायला लागलं तर आधी कोण येईल, याचं मॉडेल करतो. सासरे शेवटपर्यंत मान डोलवत राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "पोरगं तेलाच्या धंद्यात आहे, काही कमी नाही." त्यामुळे लग्नात निम्मं वऱ्हाड नवरदेवाला तेलघाणीवाला समजत होतं. सासूबाईंच्या एका मावशीने तर आहेर करता करता कानाशी लागून विचारलं, "जवाईबुवा, करडीचं तेल घरच्या भावानं देसान काय?" साडू गंभीरपणे म्हणाले, "मावशी, माहं तेल खायचं नाही. अन् ते जिथं राह्यते तिथं म्या अजून पाह्यलंबी नाही." मावशींनी आहेराला काढलेलं पातळ घाईघाईने परत पिशवीत टाकलं म्हणतात. ही गोष्ट मला माझ्या बायकोने, सुमनने, आमच्या लग्नानंतर सांगितली, आणि तेव्हाच मला वाटलं होतं की या माणसाशी आपलं जमणं कठीण आहे.

जेवणाच्या बाबतीत तर त्यांच्याबरोबर पंगतीला बसू नये. आमच्याकडे रोडग्यांचं जेवण म्हटलं की माणसं दुपारपासून पोट मोकळं ठेवतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा फोडायचा, त्यावर वरण, त्यावर तूप, बाजूला वांग्याची भाजी, आणि मग कुणी कुणाशी बोलायचं नाही. आमचे साडू रोडग्याचे दोन भाग करतात. एका भागावर आधी तूप, मग वरण. दुसऱ्यावर आधी वरण, मग तूप. मग दोन्ही भाग तसेच ठेवून वाकून पाहत बसतात. वाढणारा वरणाची बादली घेऊन खोळंबलेला, मागची पंगत ताटकळलेली, आणि हे मला समजावून सांगताहेत: "पाहा, याच्यात तूप पैले शिरलं. आता वरण वरच्यावर फिरून राह्यलं, त्याले अंदर घेत नाही. अन् हे दुसरं पाहा, हे वरणाचं झालं. गोट्याचंबी असंच असते. काही गोटे पाण्याचे असतात, काही तेलाचे. एकदा कोनाचा झाला की तो लवकर पक्ष बदलत नाही." पलीकडच्या बायकांच्या पंगतीतून ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणतात, "तुमी वाढा हो. यायचं असंच आहे." असं म्हणताना ताईंच्या आवाजात ना राग असतो ना लाज. पाऊस येऊन राह्यला, दोरीवरचे कपडे काढा, असं सांगावं तसं त्या ते सांगतात.

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं लोणारला गेलो. आलेला प्रत्येक जण कड्यावर उभा राहून खालचं सरोवर पाहतो, फोटो काढतो, आणि उल्का केवढी असेल यावर वाद घालतो. साडूंनी सरोवराकडे पाठ फिरवली, वाटेतला एक दगड गाठला, त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने त्यावर एक एक थेंब सोडू लागले. थेंब दगडावर मण्यासारखा राहतो की पसरून आत जातो, हे त्यांना पाहायचं होतं. ऊन भलतं होतं. ते टोपी काढून, मान वाकवून, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत थेंब सोडत होते. मागून देवदर्शनाला निघालेल्या बायांचा एक जथा आला. त्यांतल्या म्हातारीने थबकून पाहिलं, चपला काढल्या, पिशवीतून झेंडूचं फूल काढून दगडावर ठेवलं आणि हात जोडले. पाठोपाठ बाकीच्यांनीही जोडले. साडूंना राग आला नाही. त्यांनी ते फूल अलगद बाजूला केलं आणि म्हातारीला म्हणाले, "आजी, पाणी शिरून राह्यलं पाहा आत." म्हातारी म्हणाली, "शिरीनच बापा, तुही श्रद्धा आहे नं." तो दगड आता तिथे शेंदूर लावून बसवला असेल तर मला नवल वाटणार नाही.

त्यांच्या घरी एक जुना संगणक आहे. पडद्यावर नुसत्या चौकटी. तेलाच्या लाल, पाण्याच्या निळ्या. एका कडेने पाणी सोडायचं आणि ते तेलाला रेटत दुसऱ्या कडेच्या विहिरीकडे कसं नेतं ते पाहायचं. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी हा खेळ. पाणी म्हणे सरळ रांगेत पुढे जात नाही. जिथे वाट मिळेल तिथे बोटं काढून धावतं, तेलाला वळसा घालून आधीच विहीर गाठतं, आणि मागे लाल ठिपके राहून जातात. ते ठिपके आले की साडूंचा चेहरा उतरतो. पडद्यावर बोट ठेवून ते म्हणतात, "हे राह्यलं. आता कितीबी पाणी लोटा, हे निंगत नाही." सूर असा, की घरचंच कुणीतरी परक्या गावी अडकून पडलं आहे. मी एकदा म्हणालो, "साडूभाऊ, एवढं निघालं ना, थोडं राहिलं तर राहू द्या." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अर्धे प्रवासी फलाटावरच ठेवून गाडी सोडली आहे. मग मी विषय बदलावा म्हणून विचारलं, की हे असं अडकलेलं तेल तुम्ही स्वतः पाहिलंय का कधी? ते म्हणाले, "वर काढलेले गोटे पाह्यले. पण जिथल्या तिथं, अंदर, कोनंच पाह्यलं नाही. म्हणून त मॉडेल करा लागते."

या सगळ्याची मी मनसोक्त टिंगल करत आलो. ताईंच्या देखत केली, सोयऱ्यांत केली, त्यांच्या तोंडावर केली, आणि तेही माझ्याबरोबर हसत आले. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या विहिरीवर जे झालं, त्यानंतर माझी टिंगलीची धार जरा बोथट झाली आहे.

माझं शेत अमडापूरच्या शिवारात. नोकरी संपल्यावर सुमन आणि मी शेतातच घर बांधून राहिलो. वांगी, मिरची, थोडी मेथी-पालक, आणि या सगळ्याला आधार एका जुन्या विहिरीचा. वरून मुरूम, तळाला काळा दगड, आणि पाणी असं गोड की शेजारच्या दोन घरांचं पिण्याचं पाणीही तिचंच. एके सकाळी सुमनने माझ्यापुढे ठेवलेला चहा मी उचलायच्या आत परत उचलला, हुंगला आणि म्हणाली, "याले डिझेलचा वास येऊन राह्यला." मी हुंगला. मला काही कळलं नाही. कळणार कसं? इतकी वर्षं बसस्टँडवर काढल्यावर माझ्या नाकाला डिझेल म्हणजे हवाच वाटते. आम्ही विहिरीवर जाऊन वाकून पाहिलं, तर पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरलेला. सुमनने काठावरून शेजारच्या दोन घरांकडे पाहिलं. वांगी ऐन फुलोऱ्यात होती, पण तिच्या तोंडी वांग्यांचं नाव नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "लोकायच्या घरी लेकरं पेतात हे पाणी."

शोध लागायला वेळ लागला नाही. माझा चुलतभाऊ गजानन याचा ट्रॅक्टर आमच्याच बांधाला उभा असतो. आमच्या भागात डिझेलवर डोळा ठेवणारे पुष्कळ. म्हणून या शहाण्याने लोखंडी ड्रम विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीमागे गळ्यापर्यंत जमिनीत पुरून ठेवला होता, वर कडब्याच्या पेंढ्या. चोराला कळू नये म्हणून केलेला बंदोबस्त इतका पक्का होता की ड्रम गंजून खालून झरायला लागला हे त्यालाही कळलं नाही. ड्रम उघडला तर तळाशी वाटीभर डिझेल. बाकीचं सगळं मुरमात गेलेलं. गजाननचा स्वभाव चांगला. त्याने तोंड लपवलं नाही. म्हणाला, "दादा, काही करतो. उद्या उपसा लावू."

उपसा लावणं ही आमच्याकडची जुनी रीत. विहिरीत जनावर पडलं, गाळ साचला, काहीही झालं तरी आजूबाजूचे शेतकरी आपापल्या मोटारी घेऊन येतात, विहीर तळापर्यंत कोरडी करतात, आणि घरधनी सगळ्यांना जेवू घालतो. न सांगता माणसं येतात, आणि आलेल्यांना नको म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या विहिरीभोवती पाइपांचं जाळं पडलं होतं, ट्रॅक्टरवरचा मोठा पंप लागला होता, आणि घरात वांग्याच्या भाजीला फोडणी पडली होती. आदल्या संध्याकाळी सुमनने ताईंना फोन करून रडत रडत सगळं सांगितलं होतं, एवढंच मला ठाऊक. गजानन पंप सुरू करायला वाकला, आणि बांधावरून आमचे साडू येताना दिसले. बुलढाण्याहून पहिली बस धरून आले होते. हातात पिशवी, अंगात स्वेटर, कानाला मफलर. त्यांनी कुणाला रामराम घातला नाही. सरळ आले आणि पंपावर बसले.

बसले म्हणजे खरोखरच बसले, एखाद्या बाकड्यावर बसावं तसे. पहिल्यांदा लोकांना वाटलं पाहुणे दमले असतील. मग गजानन म्हणाला, "साहेब, जरा सरका, चालू करा लागते." साडू म्हणाले, "चालू करायचा नाही. विहीर उपसली त वाया गेली समजा." मग पंपावर बसल्या बसल्याच त्यांनी सांगायला घेतलं. "विहीर खाली केली की भवतालच्या मुरमातलं पाणी उतरते. डिझेल पाण्यावर तरंगून आहे, ते पाण्याच्या मांगं मांगं उतरते. जिथं कधी गेलं नसतं तिथं जाते. मंग विहिरीले पाणी पुन्हा येते, अन् ते डिझेल मुरमाच्या छिद्रायत कोंडून राह्यते. आता कितीबी उपसा, ते निंगत नाही. दर साल थोडं थोडं पाण्यात येत राह्यते." गजानन म्हणाला, "साहेब, बापजाद्यापासून असंच करत आलो." साडू म्हणाले, "बरोबरच करत आले. गाळ पाण्यासंगं निंगते. हे निंगत नाही."

लोक माझ्याकडे पाहू लागले. हसूही आलं होतं काहींना. मलाही काय करावं कळेना. सुमनने मात्र वेगळंच केलं. ती घरात गेली आणि लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या रिकाम्या करून घेऊन आली, कारण साडूंनी तिला एवढंच विचारलं होतं, "सुमन, काचेचं काही आहे काय?" विहिरीच्याच काठचा मुरूम चाळून दोन्ही बरण्यांत भरला, पाणी ओतलं, वर ड्रमच्या तळातलं थोडं डिझेल. फवारणीच्या पंपाची बारीक नळी एका बरणीच्या तळाशी घालून त्यांनी त्यातलं पाणी काढून टाकलं. काळपट डिझेल मुरमातून खाली खाली उतरत गेलं, सगळ्यांच्या देखत. मग पुन्हा पाणी भरलं. पाणी वर चढलं, डिझेल मात्र पूर्ण वर आलं नाही. बरणीभर मुरमात ठिकठिकाणी डाग राहिले. पाणी काढलं, पुन्हा भरलं, डाग तसेच. दुसरी बरणी त्यांनी हलवलीच नव्हती. तिच्यात डिझेल वरच्या वर एका थरात राहिलं होतं. दोन्ही बरण्या त्यांनी सगळ्यांना दिसतील अशा पंपावर ठेवल्या. लोकांचं हसू थांबलं, आणि एक जण न सांगता पाइप गुंडाळायला लागला.

मग त्यांनी मला बाजूला नेलं. म्हणाले, "बरणीत झालं ते विहिरीत होईनच, हे मले छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मुरूम सगळीकडं सारखा नसते." मला राग आला. म्हणालो, "मग पंपावर कशाला बसलात?" ते म्हणाले, "उपसलं त बिघडते, एवढं मले पक्कं माहीत आहे. नाही उपसलं त सुधरते काय, हे अंदाजानं सांगून राह्यलो." सोयऱ्यांच्या लग्नात पुढच्या खुर्चीवर बसा म्हटलं तर जो माणूस अंग चोरून मागे जातो, तो दहा गावच्या लोकांपुढे सुरू व्हायच्या बेतात असलेल्या पंपावर येऊन बसला होता. मला त्यांची छिद्रं कळत नव्हती, पण ते काय करायला घाबरतात हे मला चांगलं ठाऊक होतं. मी गजाननला सांगितलं, "पाइप काढ. सगळ्यांना जेवू घाल आणि घरी जाऊ दे."

साडू आमच्याकडे राहिले. पहिलं काम म्हणजे ड्रम उपटून त्याखालचा भिजलेला मुरूम खोदून काढणं. गजानन आणि त्याचे दोन मित्र खोदत होते आणि साडू खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून पाहत होते. खड्डा छातीएवढा झाला तेव्हा ते स्वतः खाली उतरले. कापलेल्या मुरमाच्या भिंतीत एक गडद पट्टा दिसत होता. वर कोरडा मुरूम, खाली ओला, मध्ये डिझेल. तो पट्टाही सरळ नव्हता. कुठे जाड, कुठे बारीक बोटं काढून गेलेला, आणि पट्ट्यापासून दूर एकटे पडलेले काही ठिपके. साडूंनी त्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग चष्मा काढून स्वेटरला पुसला आणि म्हणाले, "असंच असते म्हणत होतो मी." मी म्हणालो, "मग आता पाहिलंत ना?" त्यांना वर घ्यायला मी हात दिला, तरी त्यांचं बोट त्या पट्ट्यावरून निघेना. मला वाटलं, या माणसाने जन्मभर एका कधीच न भेटलेल्या माणसाचं वर्णन केलं आणि तो आज समोर आला.

विहिरीतला तवंग काढायचं औजार ऐकून गजाननने डोक्याला हात लावला. साडूंनी घरातला कापूस मागितला, शेतातून वेचलेला, कच्चा. "दवाखान्यातला कापूस पाण्याचा असते," ते म्हणाले, "त्याले धुऊन त्याचं मेण काढलं असते. शेतातला कापूस तेलाचा. तो पाणी सोडते अन् तेल धरते." जुन्या मच्छरदाणीच्या थैल्या शिवून त्यांत कापूस भरला, दोर बांधून त्या पाण्यावर सोडल्या. सकाळी सोडलेली थैली दुपारी वर काढली की पिवळीधमक आणि जड झालेली असायची. ती दूर नेऊन एका रिकाम्या टाकीत पिळायची आणि पुन्हा सोडायची. मोटार अगदी थोडी चालवायची, विहिरीची पातळी जराशीच उतरेल एवढी, म्हणजे मुरमातलं डिझेल विहिरीकडे सरकत येईल पण खाली उतरणार नाही. साडू मला म्हणाले, "जन्मभर आमी म्हणत होतो, हळू ओढा, नाहीत तेलाच्या जागी पाणी येईन. आता म्हणा लागते, हळू ओढा, नाहीत पाण्याच्या जागी तेल राहीन." हे बोलून ते स्वतःच इतके हसले की कापसाची थैली हातातून सुटली. वांग्यांना शेजारच्या विहिरीवरून पाणी आणलं, प्यायला गावातल्या नळाचं.

आणि रोज सकाळी सुमन एक तांब्या पाणी काढून हुंगायची. घरात नाक म्हणावं असं तेवढं एकच. साडू तिच्यासमोर उभे राहायचे, निकाल लागायच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे. "येते काय वास?" "येते, भाऊजी." "कालच्यापेक्षा?" "थोडा कमी." मग तो दिवस चांगला जायचा. होता होता एके दिवशी ती म्हणाली, "नाही येत." तिने पुन्हा हुंगला. "नाही." त्या दिवशी साडूंनी रोडगे मागून घेतले, आणि तूप आधी की वरण आधी हे न पाहता खाल्ले.

पण मग अवकाळी पाऊस झाला. विहिरीचं पाणी वर चढलं, आणि पुन्हा तवंग आला. पहिल्याएवढा नव्हता, पण होता. गजानन काही वाईट बोलला नाही, फक्त म्हणाला, "तवाच उपसलं असतं त बरं झालं असतं, असं लोक म्हणून राह्यले." साडूंनी ते ऐकलं. संध्याकाळी पाहतो तर ते ओसरीवर आपली पिशवी भरत बसलेले. मी विचारलं, "निघालात?" ते म्हणाले, "मी इथं राहून काही उपयोग नाही. माहा अंदाज चुकला असंन." मी त्यांच्यासमोर बसलो. बसस्टँडवर गाडी बंद पडली की प्रवाशांना काय सांगायचं हे मला येत होतं, पण इथे बंद पडली होती ती माणसाची हिंमत. मी म्हणालो, "साडूभाऊ, पाऊस पडल्यावर वर काय येईल, हे तुमच्या त्या लाल-निळ्या चौकटींना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं?" पिशवीत कोंबायला घेतलेला सदरा त्यांनी हातातच धरला. मग म्हणाले, "पाणी चढलं की जे सुटं आहे ते वर येईन, हेच सांगतलं असतं." आणि मग हळूच, "म्हणजे सुटं आहे. कोंडलेलं नाही. निंगते." मी त्यांची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली, आणि सुमनने सकाळच्या थैल्यांसाठी नवा कापूस पिंजायला घेतला.

त्यानंतर वास पुन्हा आला नाही. सुमन हुंगत राहिली, साडू विचारत राहिले, आणि पातळी खाली-वर झाली तरी तांब्यात पाण्याशिवाय काही नव्हतं. तरी त्यांनी प्यायला परवानगी दिली नाही. नाकावर भागत नाही म्हणाले. पाणी तपासायला पाठवलं, आणि निकाल येईपर्यंत ताईही बुलढाण्याहून येऊन राहिल्या, कारण फोनवर साडूंचा आवाज ऐकून ताईंना ते जेवत नसावेत असं वाटलं होतं. ताईंचा अंदाज बरोबर होता. निकाल चांगला असल्याचा फोन मलाच आला. मी ओरडलो नाही, पण पळालो. या वयात, बांधावरून, चप्पल न घालता. साडू विहिरीच्या काठावर उभे होते. मी म्हणालो, "प्या म्हणाले. सगळं चांगलं आहे." ते म्हणाले, "कोन म्हणालं? नीट ऐकलं नं तुमी?" मी म्हणालो, मी जन्मभर कर्णा लावलेल्या बसस्टँडवर काम केलं, तरी एवढं ऐकू येतं.

सुमनने दोराने बादली सोडली, तांब्या भरला आणि पहिला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही. शेजारच्या घरच्या बायका पाणी न्यायला कळश्या घेऊन उभ्या होत्या, गजानन होता, ताई होत्या. साडू त्या तांब्याकडे पाहत म्हणाले, "मी आजवर जे सांगतलं ते कोनं पेलं नव्हतं." कुणाला नीट कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "तिथं चुकलं त आकडे बदलत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवत होतो. इथं चुकलं असतं त?" इतके दिवस हा माणूस आमच्या घरात कापूस पिंजत, हसत, थैल्या शिवत वावरला आणि पोटात एवढी भीती घेऊन झोपला, हे मला तेव्हा कळलं. ताईंना बहुधा पहिल्या दिवसापासून कळलं होतं. त्या त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

सुमन म्हणाली, "मंग मी पेते, भाऊजी." आणि तिने तो तांब्या तोंडाला लावून एका दमात संपवला. साडू तिच्या गळ्याकडे पाहत होते. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "गोड आहे. पैल्यासारखं." बायकांनी कळश्या पुढे केल्या. साडू काठावर खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ धरली. सुमन तांब्या पुन्हा भरून वरून पाणी ओतत राहिली, ते पीत राहिले, कोपरांवरून पाणी ओघळून स्वेटर भिजला तरी पीत राहिले. विहीर वाचली याचा आनंद मला झालाच. ती माझी विहीर आहे. पण त्या क्षणी जी सुटका वाटली ती विहिरीसाठी नव्हती, समोर बसलेल्या त्या म्हाताऱ्यासाठी होती. तांब्या रिकामा झाला, आणि त्यांनी ओंजळ तशीच पुढे धरून ठेवली.